पाहणे शिकावे लागते

कुरआनच्या सूरह अन-नहलमधील ७८ व्या आयतीत मानवाच्या जन्माविषयी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. मूल आईच्या उदरातून जगात येते तेव्हा त्याला कशाचेही ज्ञान नसते, आणि श्रवण, दृष्टी व अंतःकरण या देणग्या त्याला कृतज्ञतेसाठी दिल्या आहेत, असा तिचा आशय आहे. या तीन देणग्यांपैकी दृष्टीविषयी आज विचार करावयाचा आहे. कुरआनच्या आयतींमध्ये आधुनिक प्रयोगशाळांचे निष्कर्ष शोधून काढण्याची जी हौस अलीकडे वाढली आहे, ती आम्हाला रुचत नाही. आयत मार्गदर्शनासाठी आहे. तिच्या सत्यतेला सूक्ष्मदर्शकाच्या दाखल्याची गरज नाही. परंतु जी देणगी मिळाली आहे ती नेमकी काय आहे, हे जाणून घेणे हा कृतज्ञतेचाच एक भाग आहे, आणि दृष्टीच्या बाबतीत तर ते न जाणण्याची किंमत कधी कधी लहान मुलांना आयुष्यभर मोजावी लागते.

आपण असे समजतो की डोळा उघडला की दिसते. डोळा हा जणू कॅमेरा, आणि मेंदू म्हणजे त्यातील चित्र पाहत बसलेला प्रेक्षक. ही कल्पना सोपी आहे, पण चुकीची आहे. ती अपुरी आहे हे एक हजार वर्षांपूर्वीच एका मुस्लिम विद्वानाने ओळखले होते.

अबू अली अल-हसन इब्नुल हैसम यांचा जन्म इसवी सन ९६५ च्या सुमारास बसरा येथे झाला आणि आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी कैरो येथे घालवला. त्यांच्या काळी दृष्टीविषयी ग्रीकांचे दोन मुख्य पक्ष प्रचलित होते. युक्लिड व टॉलेमी यांच्या मते डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. दुसऱ्या पक्षाच्या मते वस्तूंची रूपेच डोळ्यात येतात. परंतु पर्वताएवढे रूप इवल्याशा बाहुलीतून आत कसे शिरते, याचे उत्तर त्या पक्षाकडे नव्हते. इब्नुल हैसम यांनी सात खंडांच्या 'किताबुल मनाझिर' या ग्रंथात या वादाचा निकाल लावला. प्रखर सूर्याकडे पाहिले तर डोळ्याला पीडा होते. तेजस्वी वस्तूकडे पाहून डोळे मिटले तरी तिची खूण काही क्षण रेंगाळते. म्हणजे प्रकाश डोळ्यावर परिणाम करतो, डोळा प्रकाशावर नव्हे. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सर्व दिशांना निघतो व त्यातील काही डोळ्यात येतो, हा त्यांचा सिद्धांत पुढे लॅटिन भाषांतरातून युरोपात पोहोचला. १५७२ मध्ये तो ग्रंथ बाझल येथे छापला गेला, आणि १६०४ मध्ये केप्लर यांनी डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उलटी प्रतिमा पडते हे दाखवले.

हा इतिहास आपल्या मासिकांतून अनेकदा येतो, आणि बहुधा येथेच थांबतो. खरे तर इब्नुल हैसम यांच्या ग्रंथाचा अधिक खोल भाग यानंतर सुरू होतो. प्रकाश आत आला म्हणजे पाहणे झाले, असे ते मानत नाहीत. ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात त्यांनी दृष्टीला कळणारे बावीस गुणधर्म मोजले आहेत : प्रकाश, रंग, अंतर, आकार, लांबी-रुंदी, गती, स्थिरता, खरखरीतपणा, सावली, सौंदर्य, साम्य इत्यादी. यांपैकी केवळ प्रकाश व रंग हे निव्वळ संवेदनेने कळतात. उरलेले सर्व कळण्यासाठी मनाला पारख करावी लागते, तुलना करावी लागते, पूर्वी पाहिलेले आठवावे लागते आणि त्यावरून अनुमान काढावे लागते. हे अनुमान इतक्या त्वरेने होते की ते होते आहे याचा पत्ता आपल्याला लागत नाही. सवयीने वाचणारा मनुष्य एकेक अक्षर जुळवत बसत नाही, तसेच हे आहे. अक्षरे ओळखण्यासाठी मात्र त्याला कधी तरी मकतबमध्ये बसावे लागलेले असते.

पाहणे हे बहुतांशी शिकलेले असते, हा त्यांचा विचार तेव्हा तर्काच्या बळावर उभा होता. तो पेशींच्या पातळीवर पडताळून पाहण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल नावाचे एक पातळ आवरण असते. जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडाकार पेशी सुमारे ९ ते १२ कोटी, आणि भर उजेडात बारकावे व रंग दाखवणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख. दंडाकार पेशींतील रंगद्रव्यासाठी अ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. आता एक हिशेब पाहा. प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या घरात आहेत, पण डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या चेतातंतूंची संख्या मात्र प्रत्येक डोळ्यामागे साधारण १० ते १२ लाखच आहे. शंभर जणांचे म्हणणे एका दूताने पोहोचवावयाचे असेल तर त्याला निवड करावीच लागेल. म्हणजे निवडीचे काम मेंदूत पोहोचण्यापूर्वी, डोळ्यातच सुरू होते.

ती निवड कशी होते, हे स्टीफन कफलर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या दृष्टिपटलावर दाखवून दिले. दृष्टिपटलाची शेवटची चेतापेशी, जिचा तंतू मेंदूकडे जातो, ती दृश्याच्या एका छोट्याशा वर्तुळावर लक्ष ठेवून असते. त्या वर्तुळाच्या मध्यावर प्रकाश पडला की पेशी उत्तेजित होते. परंतु मध्याभोवतीच्या कड्यावर प्रकाश पडला तर ती उलट शांत होते. (काही पेशींत याच्या नेमके उलट घडते.) मध्य आणि कडे या दोहोंवर सारखाच प्रकाश पडला तर दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ छेद देतात आणि पेशी फारसे काही बोलत नाही. याचा अर्थ असा की ती पेशी उजेड किती आहे हे सांगत नाही; शेजारच्या मानाने येथे उजेड अधिक आहे की कमी, हे सांगते.

याचा प्रत्यय हेच पान देईल. रात्री दिव्याखाली ते वाचा आणि दुपारी उन्हात वाचा. उन्हातल्या काळ्या अक्षरावरून परावर्तित होणारा प्रकाश हा दिव्याखालच्या पांढऱ्या कागदावरून येणाऱ्या प्रकाशापेक्षाही अधिक असतो. तरीही उन्हात अक्षर काळेच दिसते आणि दिव्याखाली कागद पांढराच. डोळा कॅमेऱ्यासारखा केवळ प्रकाश मोजत असता तर हे शक्य नव्हते.

दोन्ही डोळ्यांचे चेतातंतू मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. दोन डोळ्यांची दोन रूपे येथेच एक होतात, असे इब्नुल हैसम यांना वाटले होते. तंतू तेथे भेटतात हे खरे, पण तेथे होते ती केवळ वाटणी : प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडील अर्ध्या भागाचे तंतू बाजू बदलतात, म्हणून डावीकडचे दृश्य मेंदूच्या उजव्या भागात आणि उजवीकडचे डाव्या भागात जाते. दोन्ही डोळ्यांचे खरे मीलन आणखी पुढे, डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या दृष्टीच्या बाह्यपटलात होते. हे बाह्यपटल सुमारे दोन मिलिमीटर जाडीचे आहे. तेथील पेशी नेमके काय करतात, याचा उलगडा एका अनपेक्षित प्रसंगातून झाला.

१९५८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, कफलर यांच्याच प्रयोगशाळेत, डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोन तरुण संशोधक मांजराच्या दृष्टी-बाह्यपटलातील एकेका पेशीचे संदेश केसाहून बारीक तारेने टिपत होते. पेशीने संदेश दिला की ध्वनिवर्धकातून टिकटिक ऐकू येई. ते मांजरासमोरच्या पडद्यावर प्रकाशाचे व अंधाराचे ठिपके दाखवत होते, कारण दृष्टिपटलातील पेशी ठिपक्यांना उत्तर देतात हे ठाऊक होते. पण बाह्यपटलातील पेशी काही केल्या दाद देईना. तासन्‌तास असे गेल्यावर, काळा ठिपका चिकटवलेली काचेची पट्टी यंत्रात सरकवताना अचानक टिकटिकीचा भडिमार सुरू झाला. ठिपक्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. काचेच्या कडेची एक फिकट, सरळ सावली पडद्यावरून सरकत गेली होती, आणि त्या पेशीला हवी होती ती एवढीच गोष्ट : विशिष्ट कोनात असलेली एक रेघ. कोन थोडा बदलला की पेशी पुन्हा गप्प.

पुढच्या काळात हार्वर्ड येथे त्यांनी हे काम वाढवले. बाह्यपटलात एका पेशीला उभी रेघ लागते, शेजारच्या पेशीला किंचित कललेली, त्यापुढच्या पेशीला अधिक कललेली. सारख्या कोनाच्या पेशी एकाखाली एक स्तंभांसारख्या रचलेल्या असतात. दृष्टिपटलातील ठिपके टिपणाऱ्या पेशींची एक ओळ एकत्र जोडली की रेघ टिपणारी पेशी तयार होते, आणि अशा पेशी जोडल्या की सरकणारी रेघ टिपणारी पेशी होते, अशी त्यांची मांडणी होती. नंतरच्या संशोधनाने तिच्यात भर घातली व काही दुरुस्त्याही सुचवल्या. तरीही तिचा पाया टिकून आहे. आपल्यासमोरचा चेहरा, मशिदीची कमान, ताटातली भाकरी, हे सर्व मेंदूत प्रथम लाखो लहान लहान रेघांच्या रूपाने पोहोचते. चित्र कोठेही साठवलेले नसते. ते दर क्षणी बांधले जाते.

त्यापुढे बाह्यपटलाचे अनेक विभाग रंग, गती, चेहरे, अंतर अशी कामे वाटून घेतात. याची साक्ष काही दुर्मीळ आजार देतात. १९८३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी एका स्त्रीचे वर्णन प्रसिद्ध केले. मेंदूला इजा झाल्यामुळे तिची केवळ गती पाहण्याची शक्ती गेली होती. कपात चहा ओतताना तिला तो गोठल्यासारखा दिसे आणि कप कधी भरला ते कळत नसे. रंग दिसत, वस्तू ओळखता येत, पण रस्ता ओलांडणे तिला कठीण झाले होते. दूर दिसलेली मोटार एकदम जवळ आलेली असे. धडधाकट माणसाला पाहणे ही एकच क्रिया वाटते. ती किती धाग्यांनी विणलेली आहे हे एखादा धागा तुटल्यावरच कळते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रेघा टिपणाऱ्या या पेशी जन्मतःच तयार असतात की जगाकडे पाहून घडतात? ह्युबेल व वीझेल यांनी मांजराच्या पिलांची एक पापणी जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी शिवून बंद ठेवली. (एका मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीविषयीची हदीस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वाचताना अस्वस्थ वाटेल, आणि तसे वाटणेच योग्य आहे. परंतु या प्रयोगांच्या ज्ञानातून पुढे असंख्य बालकांची दृष्टी वाचली, हेही न्यायाने नोंदवले पाहिजे.) सुमारे तीन महिन्यांनी पापणी उघडली तेव्हा डोळा निर्दोष होता. भिंग स्वच्छ, दृष्टिपटल ठीक. तरीही त्या डोळ्याने पिलू आंधळेच होते. बाह्यपटलातील जवळजवळ कोणतीही पेशी त्या डोळ्याचे ऐकत नव्हती. सर्व पेशी उघड्या डोळ्याने आपल्याकडे ओढून घेतल्या होत्या. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच किंवा अधिक काळ बंद ठेवला तर असे काहीच झाले नाही.

यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी की मेंदूची मूळ जोडणी जन्मतः मिळते, पण ती टिकण्यासाठी व पक्की होण्यासाठी बालपणाच्या एका ठरावीक काळात डोळ्यातून स्वच्छ दृश्य मेंदूकडे जावे लागते. तो काळ निघून गेला की नंतर डोळा कितीही चांगला असला तरी भरपाई पूर्ण होत नाही. दुसरी गोष्ट अधिक अनपेक्षित होती. दोन्ही डोळे बंद ठेवले तेव्हा बाह्यपटलाचे नुकसान अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी झाले. म्हणजे वापर न होणे एवढेच कारण नव्हते. दोन डोळ्यांत जागेसाठी स्पर्धा चालते, आणि जो डोळा अस्पष्ट संदेश पाठवतो तो हरतो. १९८१ मध्ये या दोघांना, रॉजर स्पेरी यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले. त्याहून मोठा परिणाम रुग्णालयांत झाला : जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मूल मोठे होईपर्यंत लांबवण्याची पद्धत मागे पडली आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच करण्याकडे कल वळला.

येथे एका जुन्या ग्रंथाची आठवण येते. बाराव्या शतकात अंदलूसमधील इब्न तुफैल यांनी 'हय्य इब्न यकझान' या आपल्या कथेच्या प्रस्तावनेत एका जन्मांध मनुष्याचा दृष्टांत दिला आहे. तो आपल्या नगरीतील रस्ते, माणसे, बाजार सर्व काही इतर इंद्रियांनी ओळखतो. मग त्याला दृष्टी लाभते, आणि त्याला सर्व काही पूर्वी समजले होते तसेच आढळते. फरक एवढाच की आता ते अधिक स्पष्ट आहे आणि त्यात मोठा आनंद आहे. हा दृष्टांत आध्यात्मिक अनुभव समजावण्यासाठी होता, डोळ्याचे शास्त्र सांगण्यासाठी नव्हे. हा ग्रंथ १६७१ मध्ये लॅटिनमध्ये छापला गेला. १६८८ मध्ये आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्राने विचारले : स्पर्शाने गोल आणि घन ओळखणाऱ्या जन्मांधाला दृष्टी आली तर तो नुसते पाहून त्यांतील गोल कोणता हे सांगू शकेल काय?

त्याचे प्रत्यक्ष उत्तर भारतात मिळाले. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात, दिल्लीतील डॉ. श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या साहाय्याने, जन्मजात अंधत्व असलेल्या गरीब घरांतील मुलांवर शस्त्रक्रिया करण्यात आल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ८ ते १७ वर्षांची पाच मुले होती. दृष्टी मिळताच त्यांच्या हातात एक आकार दिला आणि नंतर डोळ्यांसमोरील दोन आकारांतून तो निवडण्यास सांगितले. त्यांना ते जवळजवळ जमले नाही. त्यांचे उत्तर निव्वळ अंदाजाच्या फार पलीकडे गेले नाही. डोळ्यांना आकार दिसत होता, पण हाताला ठाऊक असलेला आकार तोच, हे कळत नव्हते. मात्र ज्या मुलांची काही दिवसांनी पुन्हा चाचणी घेता आली, त्यांना ते बऱ्यापैकी जमू लागले होते. या प्रकल्पातील मुलांना बारकावे पाहण्याची शक्ती पूर्णपणे कधीच मिळाली नाही. परंतु चेहरे, वस्तू, हालचाल ओळखणे ती हळूहळू शिकली. उशिरा उघडलेल्या दारातूनही काही प्रकाश आत येतो, पण सर्व येत नाही.

आपल्या घरांशी याचा संबंध थेट आहे. जन्मजात मोतीबिंदू दुर्मीळ असतो, परंतु ज्याला नेत्रवैद्य मंददृष्टी आणि लोक आळशी डोळा म्हणतात, तो शंभर मुलांमागे साधारण दोन-तीन मुलांत आढळतो. कारणे मुख्यतः तीन : डोळ्यांचा तिरळेपणा, एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून बराच अधिक असणे, आणि भिंगातील किंवा पापणीचा अडथळा. तिन्ही प्रकारांत घडते तेच, जे त्या पिलांच्या बाबतीत घडले होते. एक डोळा अस्पष्ट किंवा न जुळणारे दृश्य पाठवतो, मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो, आणि ते दुर्लक्ष कायमचे होते. दुसरा डोळा चांगला असल्याने मूल धावते, खेळते, वाचते, म्हणून कोणालाही शंका येत नाही. मूल तक्रार करीत नाही, कारण एका डोळ्याने अंधुक दिसणे हेच त्याच्या दृष्टीने स्वाभाविक असते. अनेकांना हे पहिल्यांदा कळते ते नोकरीच्या किंवा वाहन परवान्याच्या तपासणीत, एक डोळा झाकायला सांगितल्यावर.

काही घरांत तिरळेपणा भाग्याचे लक्षण समजला जातो, काही घरांत 'मोठा झाला की आपोआप सुटेल' असे म्हणून तो सोडून दिला जातो. नवजात बालकाचे डोळे पहिल्या तीन-चार महिन्यांत अधूनमधून इकडेतिकडे फिरतात, ते चिंतेचे नसते. त्यानंतरही डोळा वळलेला राहत असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे नेणे आवश्यक आहे. बाहुलीत पांढरेपणा दिसला, किंवा छायाचित्रात एका डोळ्यात लाल चमक आणि दुसऱ्यात पांढरी चमक आली, तर एक दिवसही थांबू नये. त्यामागे मोतीबिंदू किंवा त्याहून गंभीर असे दृष्टिपटलाचे कर्करोगही असू शकते. तक्रार नसली तरी शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक डोळा स्वतंत्र झाकून एकदा तपासून घ्यावा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत येणाऱ्या पथकाकडून मुलांची जी तपासणी होते, तिच्यात डोळ्यांच्या दोषांचाही समावेश आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

उपचार ऐकायला विचित्र वाटतो. आवश्यक तो चष्मा दिल्यावर पट्टी लावतात ती चांगल्या डोळ्यावर, दररोज डॉक्टरांनी ठरवलेले काही तास. मूल चिडते, पट्टी ओढून काढते, आणि आजी-आजोबांना नातवाची दया येते. चांगला डोळा का झाकता, असा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर वर आले आहे : जो डोळा स्पर्धेत हरतो आहे त्याला मेंदूतील जागा परत मिळवण्यासाठी काही तास तरी प्रतिस्पर्धी बाजूला करावा लागतो. सात वर्षांच्या आत सुरू केलेल्या उपचाराचा परिणाम सर्वांत चांगला येतो. त्यानंतरच्या वयातही अनेक मुलांमध्ये काही सुधारणा होते असे आढळले आहे, म्हणून वय निघून गेले असे घरीच ठरवू नये. हे दोष पुष्कळदा एकाच कुटुंबात आढळतात. एका मुलाला पट्टी लागली असेल तर त्याच्या धाकट्या भावंडांचे डोळेही त्याच भेटीत तपासून घ्यावेत.